नॉरफोक ते मायामी: वाटेत बोटीची देखभाल कशी करावी

विचारणाऱ्याची परिस्थिती थोडक्यात अशी: ३६ फुटी शिडाची बोट, २० वर्षे जुने ३ सिलिंडरचे डिझेल इंजिन, बोटीवर दोघेच जण. शरदात नॉरफोकहून निघून इंट्राकोस्टल वॉटरवेने, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या आतल्या जलमार्गाने, मायामीपर्यंत जायचे आहे. निघण्यापूर्वी इंजिनाची सर्व्हिसिंग झालेली आहे. सोबत कोणते सुटे भाग ठेवावेत आणि वाटेत पुन्हा काय काय करावे लागेल, हा प्रश्न.

आधी थोडा हिशेब करू, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. नॉरफोक हा या जलमार्गाचा शून्य मैल आणि मायामी साधारण १,०९० वा. हे मैल जमिनीवरचे आहेत, सागरी नव्हेत. बोट ६ नॉटने (तासाला ६ सागरी मैल) चालली तर तासाला जमिनीचे ६.९ मैल कापते, म्हणजे नुसते अंतर काटायला १५८ तास लागतात. उघडणाऱ्या पुलांसमोर घिरट्या घालणे, उलटा प्रवाह, नांगर टाकणे-उचलणे हे धरले की १८० तास सहज होतात. सुट्टीच्या दिवशी फिरायला निघणाऱ्या शिडाच्या बोटीचे इंजिन वर्षाला ५० ते १०० तास चालते. म्हणजे दोन-तीन वर्षांची झीज तुम्ही सहा-सात आठवड्यांत करणार आहात. शिवाय अरुंद कालव्यात शीड उघडायला जागा नसते. एरवी मदतीला असलेले इंजिन इथे दिवसभर बोट ओढते आणि बंद पडले तर दोन्ही बाजूंना उथळ पाणी असते.

तेव्हा निघतानाची सर्व्हिसिंग निम्म्या वाटेतच संपते आणि उरलेला रस्ता तुमच्या रोजच्या नजरेवर काढायचा असतो. या मार्गावर बंद पडणाऱ्या इंजिनांत मोठा बिघाड क्वचितच निघतो. बहुतेक वेळा थंड करणारे पाणी आत येत नसते, किंवा डिझेलमध्ये घाण, पाणी नाहीतर हवा असते, किंवा इंजिनाचा पट्टा (बेल्ट) गेलेला असतो. तिन्ही गोष्टी आदल्या दिवशी, कधी कधी आदल्या आठवड्यातच दिसू लागलेल्या असतात.

काही गोष्टी बोटीप्रमाणे बदलतील. इंजिन आतल्या कूलंटवर आणि हीट एक्स्चेंजरवर (इथे बाहेरचे पाणी कूलंटला थंड करते) थंड होते, पंखा फिरवणारा सरळ शाफ्ट आहे, शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे पाणी अडवायला दोरीची जुन्या पद्धतीची ग्लँड आहे आणि इंजेक्शन पंप यांत्रिक आहे, असे धरून मी लिहितो आहे. तुमच्याकडे वेगळे असेल तर तेवढा भाग बदलून वाचा. तास आणि मापे यांबाबत इंजिनाचे पुस्तक आणि माझे म्हणणे जुळले नाही तर पुस्तकाचेच ऐका.

रोज सकाळी, इंजिन थंड असताना, १५ मिनिटे त्याच्यासाठी ठेवा. क्रम रोज तोच असू द्या म्हणजे काही सुटत नाही. डिपस्टिक पुसून ऑइल बघा, आणि पातळीइतकेच रंगाकडेही लक्ष द्या. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरले. पातळी आपोआप वाढली असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळते आहे आणि असे इंजिन सुरू करायचे नाही. मग कूलंटचे झाकण उघडा (थंड असतानाच, गरम असताना कधीही नाही). मग बाहेरच्या पाण्याची गाळणी, मग पट्टा, मग टॉर्च लावून डिझेल फिल्टरची काचेची वाटी, मग ग्लँड, आणि शेवटी बिल्ज (बोटीचा सर्वांत खालचा, पाणी साचणारा भाग).

इंजिनाखाली पांढरे शोषक फडके अंथरून ठेवा. एवढ्याशा खर्चात यापेक्षा चांगला निरीक्षक मिळणार नाही. काळा डाग इंजिन ऑइलचा, लालसर डाग बहुधा गिअरबॉक्सचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. डिझेल वासानेच कळते, आणि खारे पाणी वाळल्यावर पांढरी खपली सोडते. डाग फडक्यावर कुठे पडला यावरून गळती वर कुठे आहे हेही कळते. घाणेरड्या इंजिनवर यातले काहीच दिसत नाही, म्हणून निघण्यापूर्वी इंजिन आणि त्याखालची ताटली स्वच्छ धुऊन पुसून घ्या. सर्व्हिसिंग करून देणारे हे काम सहसा करत नाहीत.

इंजिन सुरू केले की पहिल्या अर्ध्या मिनिटात मागे जाऊन एक्झॉस्टमधून पाणी पडते आहे का ते पाहा. ते किती पडते आणि कसा आवाज करते हे पहिल्या दिवशीच नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तुलना त्याच्याशीच करायची आहे. वहीत तारीख, इंजिनाचे तास, किती आरपीएमला किती वेग, पाण्याचे तापमान आणि ऑइलचा दाब एवढे लिहा. त्याच आरपीएमला तापमान दोन-तीन अंशांनी चढू लागले तर बिघाड होण्याच्या चार-पाच दिवस आधीच वही सांगते.

आता पाण्याकडे येतो. सर्वांत जास्त त्रास इथेच होतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

नॉरफोकपासून सुरुवातीलाच दोन वाटा फुटतात. एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करणाऱ्या दरवाजांमधून) व्हर्जिनिया कटने जाते, दुसरी डिस्मल स्वॅम्प कालव्याने. डिस्मल स्वॅम्प फार देखणा आहे, पण त्याचे पाणी चहासारखे गडद असते, पाण्यात फांद्या आणि अर्धवट बुडालेले ओंडके असतात, आणि हंगामात पृष्ठभागावर डकवीडचा हिरवा थर पसरलेला असतो. ही इवलीशी पाने गाळणीत जाऊन चिखलासारखी घट्ट बसतात. त्या कालव्यात दर दोन तासांनी गाळणी पाहावी लागेल असे धरून चला. पुढे जेलीफिश, समुद्री गवत आणि प्लास्टिकच्या पिशव्या आहेतच. पाणी आत घेणाऱ्या तोंडावर पिशवी बसली तर गाळणी स्वच्छ दिसते आणि तरीही पाणी येत नाही. अशा वेळी सी-कॉक (बाहेरचे पाणी आत घेणारा नळ) बंद करून त्याची नळी काढा, पाण्याच्या पातळीच्या वर धरा आणि सी-कॉक क्षणभर उघडा. पाणी जोरात यायला हवे. आले नाही तर अडथळा बाहेर आहे. इंजिन बंद करून बोट थोडी मागे सरकू दिली की पिशवी बऱ्याचदा स्वतःच सुटते, नाहीतर नळीतून तोंडाने किंवा डिंगीच्या (हवा भरायच्या छोट्या होडीच्या) पंपाने हवा मारा.

गाळणीचे झाकण परत लावताना रबरी रिंग जागेवर बसली आहे ना, हे हाताचे बोट फिरवून पाहा. रिंग वाकडी बसली तर पंप पाण्याऐवजी हवा ओढतो. बाहेरून थेंबही गळत नाही, इंजिन मात्र तापते. गाळणी साफ केल्यानंतर तासाभरात इंजिन तापले तर पहिला संशय याच रिंगवर घ्यायचा.

इंपेलर हा बाहेरचे पाणी ओढणाऱ्या पंपातला रबराचा सहा-आठ पात्यांचा छोटा भाग. पाण्यावाचून तो एखाद-दोन मिनिटांतच जळू लागतो. निघताना नवा बसवा आणि निदान दोन जवळ ठेवा. बदलण्याचा सराव गोदीतच करून घ्या, उजेड असताना आणि घाई नसताना. सी-कॉक बंद करा आणि बंद केल्याची आठवण म्हणून इंजिनाची किल्ली सी-कॉकच्या दांड्यावर अडकवा. झाकणाचे स्क्रू काढून डबीत टाका, बिल्जमध्ये पडलेला स्क्रू परत मिळत नाही. पाती कोणत्या दिशेला वाकली आहेत त्याचा फोटो घ्या. इंपेलर दोन पकडींनी समोरासमोर धरून सरळ ओढा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, पंपाच्या पितळी पृष्ठभागावर ओरखडे पडतात आणि तिथून पुढे कायम पाणी निसटते. नव्याला भांडी घासायचा द्रव साबण किंवा ग्लिसरीन लावा. पेट्रोलियमचे ग्रीस रबर खाते. पंप ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने फिरवत इंपेलर आत ढकला, नवे गॅस्केट लावा, स्क्रू आडवे-तिडवे क्रमाने आवळा.

जुन्या इंपेलरची पाती मोजा. एखादे कमी असेल तर ते नाहीसे झालेले नाही, पुढे सरकून बहुधा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी अडकले आहे. ते न काढता नवा इंपेलर लावला तर इंजिन आज चालेल, पण कमी पाण्यावर, आणि ज्या दिवशी जोर लावावा लागेल त्या दिवशी तापेल.

गाळाच्या पाण्यात पंपाचे झाकण आतून घासले जाते. त्यावर नखाला लागतील असे गोल चरे पडले असतील तर झाकण उलटे करून वापरा. बाहेरच्या बाजूला अक्षरे उठलेली असतील तर काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून ती बाजू आधी सपाट घासून घ्या. झाकण नवे झाल्यासारखेच होते.

पाणी थांबल्याचे इंजिनाचा तापमानकाटा उशिरा दाखवतो, कारण आतले कूलंट तापायला वेळ लागतो. एक्झॉस्टची रबरी नळी त्याच्या कितीतरी आधी तापते. त्या नळीवर बसवायचा तापमानाचा अलार्म मिळतो. या प्रवासासाठी एकच नवी वस्तू घ्यायची असेल तर ती घ्या.

हीट एक्स्चेंजरमधला पेन्सिल ॲनोड (बाकीचा धातू वाचवण्यासाठी स्वतः झिजणारी कांडी) महिन्यातून एकदा काढून पाहा. अर्धा उरला की बदला. फार झिजू दिला तर तुकडा तुटून आतच पडतो आणि असे तुकडे साचत गेले की नळ्या तुंबतात. नवा बसवताना आट्यांना टेप फार गुंडाळू नका, त्याला आणि एक्स्चेंजरला धातूचा धातूशी स्पर्श हवा.

डिझेलचे गणित सोपे आहे. तासाला ३ लिटर धरले तर या प्रवासात साडेपाचशे लिटरच्या आसपास डिझेल तुमच्या फिल्टरमधून जाणार. टाकी २० वर्षे जुनी असेल आणि कधी उघडली नसेल, तर तळाशी गाळ आहे असेच समजा. डिझेल आणि तळाचे पाणी जिथे भेटतात त्या पातळीवर सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळपट चिकट लगदा होतो. संथ पाण्यात तो पडून राहतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या आल्बेमार्ल साउंडसारख्या उथळ, रुंद पाण्यात वारा सुटला की आखूड आणि उभ्या लाटा उठतात. टाकी दिवसभर घुसळली जाते आणि लगदा फिल्टरात येतो. म्हणजे इंजिन नेमके लाटांमध्ये बंद पडते. जमले तर निघण्यापूर्वी टाकी उघडून तळ साफ करून घ्या. कित्येक महिने नुसत्या औषधावर भिस्त ठेवण्यापेक्षा हे बरे, कारण मेलेले सूक्ष्मजीवही फिल्टर तुंबवतातच.

बाहेरच्या, म्हणजे पाणी वेगळे करणाऱ्या पहिल्या फिल्टरला मी १० किंवा ३० मायक्रॉनचा एलिमेंट (आतली बदलता येणारी गाळण) लावतो. २ मायक्रॉनचा लावणारेही पुष्कळ आहेत. पण इंजिनावरचा दुसरा फिल्टर बारीक असतोच, आणि पहिल्याला फार बारीक केले तर तोच सारखा तुंबतो. पहिल्या फिल्टरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारा काटा) बसवले तर अंदाज बांधावा लागत नाही. एलिमेंट नवा असताना, चालीच्या आरपीएमला काटा कुठे असतो ते वहीत लिहा. तिथून ४-५ इंच पारा वर चढला की त्याच संध्याकाळी, नांगरावर असताना, बदला. गेज नसेल तर १०० तासांना बदला आणि सोबत पहिल्याचे सहा, दुसऱ्याचे तीन एलिमेंट ठेवा. खराब डिझेल एकदा भरले गेले तर दिवसात तीन-तीन लागतात. वाटीत पाणी दिसले की खालच्या नळाने भांड्यात काढा. पाणी तळाशी वेगळे दिसते, आणि दोघांच्या मधल्या रेषेवर काळे तुकडे असतील तर टाकीत जीव वाढलेले आहेत.

फिल्टर बदलला की इंजिनाने एअर धरलीच समजा. नवी वाटी डिझेलने काठोकाठ भरून लावली तर काम निम्मे होते. मग इंजिनावरच्या फिल्टरचा एअर-स्क्रू एक-दीड फेरा सैल करा आणि फीड पंपाचा हाताचा खटका बुडबुडे थांबेपर्यंत मारा. स्क्रू आवळा आणि तसेच इंजेक्शन पंपाच्या स्क्रूला करा. खटका मऊ लागला, जोरच येत नाही असे वाटले, तर फीड पंप ढकलणारा इंजिनाचा कॅम (फिरता उंचवटा) पंप दाबलेल्या स्थितीत थांबला आहे. इंजिन हाताने थोडे फिरवून परत मारा. एवढ्यावर सुरू झाले नाही तर इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा आणि डिझेल झिरपू लागले की एकेक आवळत जा. तिथे दाब फार असतो, हात आणि डोळे दूर ठेवा.

स्टार्टर पुन्हा पुन्हा मारत असताना बाहेरच्या पाण्याचा सी-कॉक बंद ठेवायचा, ही गोष्ट कुणी न सांगितल्यामुळे चांगली इंजिने गेली आहेत. स्टार्टरने इंजिन फिरते तेव्हा पाण्याचा पंपही फिरतो आणि पाणी मफलरमध्ये साचत जाते. इंजिन पेटलेले नसल्याने ते बाहेर ढकलायला धूर नसतो. मफलर भरला की पाणी उलटे येऊन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये शिरते, आणि पुढच्या स्टार्टरला कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन पेटले की त्याच क्षणी सी-कॉक उघडा. दोघे आहात ते बरे आहे, एकाने किल्लीपाशी आणि दुसऱ्याने सी-कॉकपाशी बसावे.

ऑइल बहुतेक लहान मरीन डिझेलला १०० ते २०० तासांच्या दरम्यान बदलायचे असते. जुन्या इंजिनला मी १०० च धरतो. हिशेबाने ते सव्वासहाशे मैलांच्या आसपास, जॉर्जियात येते. तिथे ते येऊ देऊ नका. जॉर्जियाच्या पट्ट्यात भरती-ओहोटीचा फरक ७ ते ९ फूट असतो, उथळ जागा बऱ्याच आहेत आणि सोयी लांब लांब. चार्ल्स्टन सुमारे ४६९ व्या मैलावर आहे. तिथे तास थोडे कमी भरले असले तरी दोन दिवस मुक्काम करा आणि ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेलचे दोन्ही एलिमेंट, पट्टा हे सगळे उरकून घ्या. इंजिन अर्धा तास चालवून ऑइल गरम झाले की डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढा. थंड ऑइल येत नाही आणि येते तेव्हा घाण खालीच राहते. ओढलेले किती निघाले ते मोजा. ३.५ लिटर भरले होते आणि २.८ निघाले, तर उरलेले अजून आत आहे. दुसरी नीट तपासणी सेंट ऑगस्टीनला, म्हणजे ७७८ व्या मैलाच्या आसपास ठेवा, आणि मायामीला पोचल्यावर पुन्हा ऑइल बदला, मगच बोट उभी करा. जुने आम्लयुक्त ऑइल उभ्या इंजिनात बेअरिंग खात बसते.

पट्टा अंगठ्याने जोरात दाबला तर सर्वांत लांब पल्ल्याच्या मध्यावर साधारण १२ मिलिमीटर खाली जावा. खालच्या फडक्यावर काळी भुकटी दिसली तर पट्टा घसरतो आहे किंवा पुली एका रेषेत नाहीत. बोटीवरच्या दिवे वगैरेंच्या बॅटऱ्यांसाठी मोठा अल्टरनेटर बसवलेला असेल आणि पट्टा अरुंद, एकच असेल, तर तो लवकर संपणारच. दोन जास्त घ्या. निघण्यापूर्वी राखीव पट्टा एकदा प्रत्यक्ष चढवून बघा. नंबर बरोबर असूनही लांबी चुकलेले पट्टे लॉकरमध्ये वर्षानुवर्षे पडून असतात.

एक्झॉस्टचा मिक्सिंग एल्बो विसरू नका. गरम धूर आणि खारे पाणी जिथे एकत्र येतात तो हा भाग, आतून कार्बनने बुजतो आणि गंजतो, बाहेरून मात्र रंग लावलेला ठणठणीत दिसतो. इंजिन पूर्ण आरपीएम गाठत नसेल, पंखा (प्रोपेलर) स्वच्छ असूनही काळा धूर असेल, किंवा एल्बोच्या जोडावर गंजाचे पाझर दिसत असतील, तर तो काढून आत टॉर्च मारा. २० वर्षांच्या इंजिनावर तो शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर निघण्यापूर्वी काढाच. वाटेत त्याचे बोल्ट निघता निघत नाहीत.

ग्लँड. चालू असताना थेंब-थेंब पडत राहावे. काही सेकंदांना एक थेंब ठीक, थांबल्यावर पाणी जवळजवळ बंद व्हावे. तासभर चालल्यावर ग्लँडला हात लावा. कोमट चालते, हात ठेववत नसेल तर फार आवळली आहे आणि शाफ्टला खाच पडते आहे. सैल-घट्ट करताना एका वेळी नटाचा आठवा भाग फिरवा, चेकनट (पहिला नट जागेवर धरणारा दुसरा नट) आवळा, परत चालवून पाहा. गाळाच्या पाण्यात ग्लँड दोरी लवकर झिजते, त्यामुळे बरोबर मापाची दोरी सोबत हवी. वळसे कापताना प्रत्येकाचा जोड आधीच्याच्या विरुद्ध बाजूला ठेवायचा, एक लांब दोरी गुंडाळायची नाही. ग्लँडला शाफ्टवर धरणाऱ्या रबरी नळीचे क्लॅम्प सगळ्यात आधी पाहा. ते गंजून तुटले तर ग्लँड दोरीचा प्रश्नच उरत नाही, बोटच भरते.

पंख्याचा प्रश्न दोन प्रकारचा. एक, खेकड्याच्या पिंजऱ्यांच्या दोऱ्या. पंखा एकदम जड झाला किंवा थरथर सुरू झाली की लगेच न्यूट्रल, इंजिन बंद, नांगर टाका, किल्ली काढून स्वतःजवळ ठेवा, मगच दातेरी सुरी आणि पाण्याचा चष्मा घेऊन उतरा. प्रवाह जोरात असेल तर उतरू नका, भरती-ओहोटी थांबण्याची वाट पाहा. दोरी काढल्यावर शाफ्टची कपलिंग आणि इंजिन माउंट तपासा, कारण झटका तिथेच बसतो. दुसरा प्रश्न बार्नकलचा, म्हणजे बोटीला चिकटणाऱ्या कवचधारी जीवांचा. दक्षिणेकडे पाणी कोमट होत जाते तसे ते पंख्यावर आणि पाणी घेणाऱ्या जाळीवर झपाट्याने वाढतात. वहीत त्याच आरपीएमला वेग अर्धा नॉट कमी दिसला की समजा. फ्लोरिडात शिरल्यावर दर दोन-तीन आठवड्यांनी पंखा खरवडून घ्या.

ॲनोडबद्दल या मार्गाची खास अडचण आहे. सुरुवातीचे कालवे जवळजवळ गोड्या पाण्याचे, मग निमखारे, मग खारे. जस्ताच्या ॲनोडवर गोड्या पाण्यात कडक पांढरी साय धरते आणि पुढे खाऱ्या पाण्यात गेल्यावरही तो काम करत नाही. तो झिजलेला नसतो, म्हणून बघणाऱ्याला वाटते सगळे ठीक आहे. शाफ्टला आणि तळाला ॲल्युमिनियमचे ॲनोड लावा, ते तिन्ही पाण्यांत चालतात. एकाच बोटीवर जस्त आणि ॲल्युमिनियम मिसळू नका. गोदीतल्या विजेला रात्र-रात्र जोडून राहणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर आहे ना ते बघा. नसेल तर अर्थिंगच्या तारेतून शेजारच्या बोटींशी जोडले जाता आणि तुमचे ॲनोड त्यांच्यासाठी झिजतात.

या मार्गावर बोट रुतणे कधी ना कधी होतेच. कागदावर कालव्याची खोली बहुतेक भागात १२ फूट आहे, पण खाडीची मुखे जिथे मिळतात तिथे वाळू सरकत राहते. रुतल्यावर जोरजोरात मागे रेटू नका. पंखा तळाचा चिखल उडवतो आणि इंजिन तोच चिखल थंड व्हायला आत ओढते. सुटल्यावर गाळणी लगेच साफ करा, सुकाणू दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडते का पाहा, बिल्जमध्ये पाणी वाढते का हे तासभर दर दहा मिनिटांनी बघा, आणि दुसऱ्या दिवशी इंपेलर उघडून पाहा.

सुकाणूच्या केबल दिवसाचे आठ तास काम करतील, एरवीपेक्षा खूप जास्त. तारेवरून टिश्यू कागद फिरवा. तुटलेला धागा कागद धरतो, हाताचे बोट मात्र कापत नाही. पुली आणि क्वाड्रंटचे (केबल जोडलेला सुकाणूवरचा भाग) बोल्ट आठवड्याला एकदा तपासा.

विजेची बाजू या प्रवासात त्यामानाने सोपी, कारण इंजिन रोज तासन्‌तास चालते. रात्रभर विश्रांतीनंतर साध्या लेड-ॲसिड बॅटरीला १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका. चालू असताना १४.२-१४.४ दिसायला हवे. उघड्या बॅटरीत दोन आठवड्यांनी डिस्टिल्ड पाणी. बिल्ज पंपाचा फ्लोट आठवड्यातून एकदा हाताने उचलून पंप खरोखर सुरू होतो का पाहा. भोंगा आणि व्हीएचएफ रेडिओही तपासा, पुलांवाल्यांशी बोलायला लागतात: व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनात १३ नंबरची वाहिनी, साउथ कॅरोलायनापासून पुढे ९. तुमचा मास्ट किती उंच आहे हे अँटेनासकट मोजून घ्या. स्थिर पुलांची उंची बहुधा ६५ फूट आहे, पण मायामीजवळचा ज्युलिया टटल पूल ५६ फुटांचाच आहे.

संडासाचा वाय-व्हॉल्व्ह (सांडपाणी टाकीत की बाहेर, हे ठरवणारा) सांडपाण्याच्या टाकीकडे बांधून ठेवा. किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडायला मनाई आहे, आणि तुम्ही सगळा वेळ त्याच्या आतच आहात. संडासात पाणी उलटे येऊ लागले की जोकर व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा रबरी भाग) गेला. तो एक जास्तीचा ठेवा. बोटीच्या नाकावर तपकिरी मिशी उमटेल, ती टॅनिनची. साबणाने जात नाही, ऑक्झॅलिक ॲसिडच्या क्लीनरने जाते. हातमोजे घाला, थोडा वेळ ठेवून भरपूर धुवा, आणि नांगराच्या जस्ताचा मुलामा असलेल्या साखळीवर ते पडू देऊ नका. निघण्यापूर्वी नाकाला मेण लावले असेल तर डाग हलक्या हाताने निघतो.

सुटे भाग, आता वर आलेले न मोजता: कूलंटचा थर्मोस्टॅट गॅस्केटसह, बाहेरच्या पाण्याच्या पंपाचा सील-संच (जमल्यास पूर्ण पंपच, मग खराब झालेला सावकाश दुरुस्त करता येतो), डिझेल फीड पंप, इंजेक्टरच्या रिटर्न नळीचे तांब्याचे वॉशर, दोन वेळचे ऑइल आणि दोन फिल्टर, गिअरबॉक्सचे ऑइल एक लिटर, कूलंट ४ लिटर, तुमच्या बोटीवर असलेल्या प्रत्येक मापाच्या रबरी नळीचा हातभर तुकडा, स्टेनलेसचे क्लॅम्प, फ्यूज, आणि प्रत्येक सी-कॉकला दोरीने बांधलेली निमुळती लाकडी मेख. अल्टरनेटर आणि स्टार्टर राखीव न्यावेत का, हे तुमच्या खिशावर आहे. सोयी असलेल्या गावांपासून तुम्ही सहसा दोन दिवसांपेक्षा लांब नसता, त्यामुळे पैसे मोजके असतील तर मी ते टाकी साफ करण्यावर आणि एल्बोवर आधी घालेन.

दर सहाव्या-सातव्या दिवशी कुठेही न जाता एक दिवस नांगरावर किंवा गोदीत काढा. कमी पडलेली कामे त्या दिवशी होतात. हवामान उघडले म्हणून तो दिवस पुढे ढकलावासा वाटेल. एकदा ढकलला तर चालते, पण लागोपाठ दुसऱ्यांदा ढकलू नका.